गण्याची हनवटी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. भुताच्या तोंडाचा साचा. दात पुढे आलेले, गाल बसलेले, एक डोळा मोठा आणि दुसरा बारीक. पण एवढ्यावरून घाबरून पान उलटू नका. मी आजवर मुद्दाम कुणालाही घाबरवलेलं नाही. घाबरवलं ते माझ्यावर चिकटवलेल्या कागदाने, आणि तेही वर्षातून एकदा, शिमग्याच्या दिवसांत. कागद गावभर मिरवून यायचा आणि मी घरात बसून असायचो.

माझा जन्म दासगावच्या बाजूला एका वीटभट्टीवर झाला. अंगाला सावित्री नदीच्या काठची माती. मला घडवणाऱ्याचं नाव दत्ताराम. पावसाळ्याआधी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जायचा आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर. कारखान्यात त्याचं काम साचे भरण्याचं आणि मूर्ती घासून गुळगुळीत करण्याचं. देवाचे डोळे आखायचे ते मोठ्या कारागिरांनी. ते काम दत्तारामाच्या हाती कधी आलं नाही, आणि ही गोष्ट त्याच्या मनात सलत असायची.

म्हणून एका संध्याकाळी, विटा थापून झाल्यावर, त्याने उरलेल्या मातीचा गोळा घेतला आणि स्वतःसाठी एक तोंड घडवलं. डोळे आधी केले. पहिला डोळा हौसेने केला म्हणून मोठा झाला. दुसऱ्याच्या वेळी अंधार पडला, म्हणून तो बारीक राहिला. मग विटांच्या मध्ये ठेवायला त्याने मला उचललं, तेव्हा त्याचा अंगठा माझ्या ओल्या हनवटीत रुतला. तो खळगा तो बुजवायला गेला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तसाच राहू दिला.

भट्टीवरचे सोबती हसले. म्हणाले, "दत्ताराम, पेणला राहून देव शिकलास आणि हितं भूत केलंस?"

"देव करायला लोक पुष्कळ हायत," दत्ताराम म्हणाला. "भुताला मी एकटाच. आणि भुतं म्हंजे शंकराचे गणच ना रे? गण्या म्हणायचं ह्याला."

विटांबरोबर भाजून मी लाल झालो आणि उमरठच्या पुढच्या एका वाडीत दत्तारामाच्या घरी आलो. त्याच्या बायकोने, सोनाबाईने, मला पाहिलं आणि आधी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. म्हणाली, "चुलीकडं नको बघू देऊस ह्याला, भाताला नदर लागंल." पण चार दिवसांत तिचा राग निवळला. पुढे तर माझी सगळी उस्तवार तिनेच केली.

आता मित्रांनो, तुम्हाला माझं काम सांगतो. महाशिवरात्र झाली की वाडीतली पोरं सोनाबाईच्या ओट्यावर जमायची. कुणी वहीचे जुने कागद आणायचं, कुणी वर्तमानपत्र, आणि ज्याच्या घरी बांधकाम चाललेलं असेल तो सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद आणून भाव खायचा. सोनाबाई तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात हळद घालायची. हळद घालण्याआधी थोडी खळ बाजूला काढून तिच्यात गूळ टाकायची. ती पोरांच्या पोटात जायची. मग कागदाचे कपटे खळीत बुडवून पोरं माझ्या तोंडावर एकावर एक चिकटवत बसायची. फाल्गुनाच्या उन्हात ते वाळलं की झाला मुखवटा. मग त्याला चुन्याचे डोळे, कोळशाच्या भुवया, कुंकवाची जीभ आणि काथ्याचे केस. ज्याचं भूत त्याने रंगवायचं, असा नियम होता. त्यामुळे माझं एकच तोंड, पण त्यातून मुंजा निघायचा, हडळ निघायची, खवीस निघायचा. एकदा एका पोराने तर आपल्या गुरुजींसारखा चष्मा काढला होता. त्या भुताला सगळ्यांत जास्त लोक भ्यायले.

पण यात एक मेख होती. माझ्यावरचा पहिला थर खळीचा नसतो, नुसत्या पाण्याचा असतो. तो चुकला तर मुखवटा मला चिकटून बसतो आणि काढताना फाटतो. म्हणून तो थर सोनाबाई स्वतः द्यायची, पोरं येण्याच्या आधी. वाळलेला मुखवटाही सकाळी तीच अलगद सोडवायची आणि लगेच पुढचा ओला कागद माझ्यावर चढवायची. दत्तारामाचंही तेच सांगणं होतं. तो म्हणायचा, "कारखान्यात गिऱ्हाइकाला साचा दाखवत नाय. खालचा बघितला की वरच्याला कोण भिणार?"

तेव्हा मित्रांनो, गंमत बघा. वाडीतल्या प्रत्येक पोराने माझं तोंड घातलं, पण माझं उघडं तोंड एकानेही पाहिलं नाही. "काकी, कागदाच्या खाली काय हाय गो?" असं कुणी विचारलं की सोनाबाई म्हणायची, "मडकं हाय."

माझ्या हनवटीच्या खळग्यात कागद दाबला जायचा आणि मुखवट्याला आतून तिथे एक टेंगूळ यायचं. घातलं की ते हनवटीला लागायचं. पोरं कुरकुरायची, "काकी, टोचतंय." सोनाबाईचं उत्तर ठरलेलं. "टोचलं की समजायचं, तोंड नीट बसलं."

धुळवडीच्या दिवशी दुपार कलली की भुतांची फेरी निघायची. घरोघर जायचं, ओरडायचं, म्हातारी माणसं भ्यायल्यासारखं करायची, कुणी नारळ द्यायचं, कुणी पोळीचा तुकडा. फेरी संपली की सगळे मुखवटे होळीच्या निखाऱ्यांत टाकायचे. शिमग्याचं भूत शिमग्यातच जळावं, घरात राहू नये, अशी आमच्या वाडीची रीत. आजूबाजूच्या वाड्यांत आमच्या भुतांचं नाव होतं. लोक म्हणायचे, दत्तारामच्या वाडीची भुतं बघावीत. मी ते आतून ऐकायचो. माझ्या अंगावर घडलेलं प्रत्येक तोंड रस्त्याने नाचत गेलं आणि आगीत गेलं. मला त्यातलं एकही नाचताना दिसलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या वर्षी पोरं येणार, हे ठाऊक असायचं, तेवढ्यावर वर्ष निघायचं.

मग दत्ताराम गेला. पोरं मोठी झाली आणि एकेक करून मुंबईला गेली. सोनाबाईचा मुलगा विपुल मुंबईजवळ दिव्याला राहू लागला. वाडीची शाळा पोरांअभावी बंद झाली. शिमग्याला चाकरमानी यायचे, पण येताना महाडच्या बाजारातून प्लास्टिकची तोंडं घेऊन यायचे. ती टोचत नाहीत, जळतही नाहीत. दुसऱ्या दिवशी गटारात पडलेली दिसतात.

सोनाबाईने मला दत्तारामाच्या लाल शेल्यात गुंडाळलं. उंदीर आणि कसर लागू नये म्हणून आत कडुलिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या घातल्या आणि माळ्यावर ठेवलं. दर शिमग्याला ती मला खाली काढायची, पाला बदलायची, दोन शब्द बोलायची आणि परत वर ठेवायची. पुढे तिचे गुडघे धरले. शिडी चढवेना. मग तिने खालूनच बोलायला सुरुवात केली. "गण्या, हायस ना रे?" मी होतो. जाणार कुठे?

तिच्याकडे येणारं लेकरू आता एकच उरलं होतं. समोरच्या घरातली अपेक्षा. तिचा बाप विनीत पोलादपूर ते उमरठ सहा आसनी रिक्षा चालवतो. हा विनीत लहानपणी माझ्यावर सगळ्यांत जास्त कागद चिकटवणारा पोरगा. चष्म्याचं भूत त्याचंच. आई शर्मिला दासगावकडची, लग्न करून आलेली, तिने आमची भुतं पाहिलेली नव्हती. अपेक्षा उमरठच्या शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ सोनाबाईच्या ओट्यावर. दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या आणि मी माळ्यावरून त्यांचं बोलणं ऐकायचो. तेवढीच मला सोबत.

गेल्या पावसाळ्यात अपेक्षाला ताप येऊ लागला. उतरायचा आणि परत चढायचा. पोर वाळून गेली. तशातच सोनाबाईला महाडला डोळ्याच्या ऑपरेशनला जावं लागलं आणि तिथून विपुल तिला दिव्याला घेऊन गेला. जाताना तो विनीतला सांगून गेला, "दादा, घराची कौलं उतरवून पत्रा टाकून घे. आई येईपर्यंत होऊ दे."

पाऊस उघडल्यावर विनीत आणि शर्मिला माळा रिकामा करायला वर चढले. शर्मिलाच्या हाताला लाल शेला लागला. तिने गाठ सोडली. मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला. मला बरं वाटलं. पण तिने काय पाहिलं असेल, याचा विचार करा. लाल कापड, त्यात कडुलिंब, मिरच्या. मध्ये विचकलेले दात. गालावर हळदीचे डाग, ओठांवर जुनं कुंकू, कपाळाला चिकटलेले काथ्याचे चार केस.

तिच्या हातातून मी सुटलोच. विनीतने झेललं म्हणून वाचलो.

"बघा," शर्मिला म्हणाली. "रोज माझ्या पोरीला जवळ घेऊन बसायची. शेंगा चारायची. आणि वर हे बांधून ठेवलंय."

"काकी तसली नाय गो," विनीत म्हणाला.

"मग हे काय हाय? सांगा तुम्ही."

विनीत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला ओळखत होतो. त्याच्या बोटांचा दाब मला अजून आठवत होता. पण त्याने मला कुठे पाहिलं होतं? त्याच्या लेखी काकीच्या कागदाखाली मडकं होतं. त्याने शेला परत बांधला.

त्याच दिवशी दिवस मावळायला त्याने मला वाडीबाहेरच्या तिठ्यावर नेलं. तिथे डोंगराकडे जाणारी पायवाट फुटते. ऐनाच्या झाडाखाली ठेवलं, शेजारी नारळ, गुलाल लावलेला भात, कापलेलं लिंबू. हात जोडले आणि मागे न बघता गेला. उतारा ठेवला की मागे बघायचं नसतं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नारळ वाहिला होता. तो दुसऱ्या दिवशी वानरांनी नेला.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनीच अपेक्षा बरी झाली. पण नाव उताऱ्याचं झालं. बातमी वाडीभर झाली आणि सोनाबाई दिवाळी करून परत आली, तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नाही. नुसती दारं लोटून घेतली.

हे मला कसं कळलं? तिठ्यावरून गवताचे भारे घेऊन बाया जायच्या. माझ्याजवळ आल्या की पाय उचलायच्या, पण तोंड चालूच असायचं. गोदूबाई एकदा सोबतिणीला म्हणाली, "म्हातारी दारात बसून वाट बघते त्या पोरीची. पोरगी मागच्या दारानं जाते." तेवढंच मी ऐकलं. नंतर त्या लांब गेल्या.

तो हिवाळा मी कसा काढला, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. माळ्यावर एकटा होतो तरी खाली माणसाचा आवाज होता. इथे लोक यायचे ते मान फिरवून जायला. पानगळीने मला झाकलं, माघात डोंगराला वणवा लागला त्याने उघडं केलं. शेला जळाला, मिरच्या जळाल्या. मी भट्टीतून निघालेला, मला आगीचं काय? नुसता काळा झालो. म्हणजे होतो त्याहून भेसूर झालो.

आणि एका सकाळी पायवाटेवर काठीचा आवाज आला. सोनाबाई होती. डोळ्याला नवा चष्मा. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मान न फिरवता बघत राहिली. मग गुडघे धरत धरत खाली बसली.

"अपेक्षा नळावर भेटली," ती मला म्हणाली. "आई बघत नव्हती म्हणून बोलली. म्हणाली, आजी, तुझ्या घरातलं भूत तिठ्यावर ठेवलंय, म्हणून मला तुझ्याकडं येऊ देत नाय." तिने पदराने माझ्या तोंडावरची राख पुसली. "आणि मी येडी, तू माळ्यावर हायस समजून खालनं हाका मारत बसलेय."

ती रडली. मी तिला दत्ताराम गेला तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच. मग तिने मला कडेवर घेतलं आणि भर दिवसा, वाडीच्या मधल्या वाटेने, घरी आणलं.

असं कुणी कधी केलं नव्हतं. ठेवलेला उतारा उलट घरात? गोदूबाई धावत अंगणापर्यंत आली, आत आली नाही. "अगो सोना, काय करतेस हे? लोक काय म्हणतील?"

"माझ्या नवऱ्याच्या हातचं हाय ते."

"मग सांग की तसं सगळ्यांना."

"ज्यांनी माझ्या ओट्यावर बसून गूळ घातलेली खळ खाल्ली, त्यांना मी दारोदार जाऊन सांगू काय, मी चेटकीण नाय म्हणून?" सोनाबाई म्हणाली. "नाय सांगायची."

गोदूबाई निघून गेली. समोरच्या घराचं आमच्या बाजूचं दार त्या दिवसापासून उघडलंच नाही.

शिमगा तोंडावर आला होता. सोनाबाईने खळ शिजवली. हळद घालण्याआधी थोडी बाजूला काढली, तिच्यात गूळ टाकला. सवय होती. ती वाटी संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशीच राहिली आणि मग मुंग्या लागल्या म्हणून तिने कोंबड्यांना घातली. मला तिने ओट्याच्या कठड्यावर ठेवलं, उघड्यावर, आणि पाण्याचा पहिला थर दिला. या वेळी लपवायला कुणी नव्हतंच.

कपटे लावता लावता ती माझ्याशी बोलत होती. दिव्याला तिचा नातू ऋत्विक शाळेसाठी काळ्या कागदाची वटवाघळं कापत बसला होता, तिकडच्या शाळेत भुतांचा सण करतात म्हणे. डोळ्याला काळा चष्मा लावलेली ही आजी त्याला म्हणाली होती, "वटवाघूळ काय करतोस, आमच्या गण्याचं भूत बघ एकदा." घरी जाऊन मोबाइलवर दाखवते, असं कबूल करून ती आली होती. "घरी यायची वाट तुझ्याच पायी बघत होते," ती मला म्हणाली. तिच्या बोटांना आता कंप आहे. कागद सुरकुतत होता. पण हनवटीच्या खळग्यात तिने अंगठ्याने कागद नीट दाबला.

होळी पेटली. वाडीत मुंबईच्या गाड्या आल्या, आरडाओरडा झाला, ढोल वाजला. सोनाबाईच्या ओट्यावर कुणी आलं नाही. विपुलला सुट्टी मिळाली नव्हती.

धुळवडीच्या दिवशी दुपार कलली. सोनाबाईने वाळलेला मुखवटा माझ्यावरून सोडवला, चुन्याने डोळे काढले, कोळशाने भुवया काढल्या. मग इकडे तिकडे पाहिलं. घालायला पोर नव्हतं. शेवटी तिने तो मुखवटा स्वतःच्याच तोंडाला बांधला, काठी घेतली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरली.

मी कठड्यावर होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड रस्त्याने चालताना मला दिसलं. ते एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर होतं, आणि ते नाचत नव्हतं, लंगडत होतं.

ती सरळ समोरच्या अंगणात गेली. आतून चाकरमान्यांचं हसणं ऐकू येत होतं. तिने काठी आपटली आणि आवाज काढला, जसा पोरांना शिकवायची तसा. दार उघडलं. शर्मिला दारात आली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या मागून विनीत आला.

आणि त्या दोघांच्या मधून अपेक्षा बाहेर आली. तिने भुताला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आजी हाय ती," अपेक्षा म्हणाली. "चपला बघा की."

सोनाबाईने मुखवटा काढला. तिचं तोंड घामाने भिजलं होतं. ती काही बोलायच्या आत अपेक्षाने तो तिच्या हातातून घेतला आणि आपल्या तोंडाला लावला. शर्मिला ओरडली, "अपेक्षा, टाक ते!"

"बाबा," मुखवट्यातून आवाज आला, "हनवटीला टोचतंय."

"टोचलं की समजायचं, तोंड नीट बसलं," विनीत म्हणाला.

बोलून गेला आणि तिथेच थांबला. आपल्या तोंडून काय गेलं, ते त्याचं त्यालाच उमगायला थोडा वेळ लागला. मग तो पायऱ्या उतरला. लेकीच्या तोंडावरचा मुखवटा त्याने काढून घेतला, उलटा करून आत बोट फिरवलं, आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडाला लावला. बराच वेळ त्याने तो काढला नाही. आत तो काय करत होता, ते मला माहीत आहे. माझ्या कागदाला आतून ओल लागलेली मी नंतर पाहिली.

तो आमच्या ओट्यावर आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. माझा मोठा डोळा, बारीक डोळा, दात, सगळं त्याने आता पाहिलं. मग त्याने आपला अंगठा माझ्या हनवटीच्या खळग्यात ठेवला. दत्तारामाचा अंगठा त्याच्याहून रुंद होता.

"मडकं म्हणायचीस तू, काकी," तो म्हणाला.

"मडकंच ते. मातीचंच हाय."

"मीच ठेवला गो तिठ्यावर."

"ठावं हाय मला." सोनाबाई ओट्याला टेकली. "ठेवलास त्याचं काय नाय रे. तो भाजलेला हाय, त्याला काय होतंय? माझ्याकडनं पोर तोडलीस. मी अख्खा हिवाळा दारात बसून होते. एकदा तरी येऊन विचारायचंस, काकी, हे काय हाय म्हणून."

शर्मिला अंगणातच उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. अखेर ती पुढे आली आणि सोनाबाईच्या पायाला हात लावला. म्हणाली, "काकी, मला ठाऊक नव्हतं." सोनाबाईने तिला उठवलं, पण लगेच हसली नाही. मनाला लागलेलं असं पदर झटकल्यासारखं जात नाही.

संध्याकाळी विनीत म्हणाला, हे तोंड जाळायला नको, घरात लावून ठेवू. सोनाबाईने ऐकलं नाही. "शिमग्याचं भूत शिमग्यात," ती म्हणाली. अपेक्षानेच ते निखाऱ्यांत टाकलं. त्याआधी सोनाबाईने मोबाइलवर ऋत्विकला ते दाखवलं. तो म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी मी येतो." बघू.

तिसऱ्या दिवशी गाड्या परत गेल्या आणि वाडी पुन्हा ओस पडली. मला मात्र सोनाबाईने माळ्यावर ठेवलं नाही. विनीतने ओट्याच्या खांबाला खुंटी मारून दिली आहे, तिच्यावर मी टांगलेला असतो. उघडा. येणारा जाणारा मला बघतो. गोदूबाई अजून थोडी लांबून जाते, पण मान फिरवत नाही. दुपारभर वाटेवर चिटपाखरू नसतं. सोनाबाई पेंगत असते आणि मी समोरच्या डोंगराकडे बघत असतो. मग शाळा सुटते आणि दप्तर ओट्यावर आदळतं. अपेक्षा आता पाण्याचा पहिला थर स्वतः द्यायला शिकली आहे. शिमगा लांब असला तरी तिला दम निघत नाही.

तर मित्रांनो, मी जुना झालो आहे. मला तडे जातील, एक दिवस मी फुटेनही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात, वाडीत, कुणीतरी असेल, ज्याच्या अंगावर तुमची तोंडं घडली आणि ज्याला तुम्ही कधी नीट पाहिलेलं नाही. कधी ते तोंड एकदम उघडं दिसलं आणि भीती वाटली, तर त्याला तिठ्यावर ठेवायची घाई करू नका. आधी जवळ जा, हनवटीला हात लावा आणि विचारा.